सोळा तुकड्यांचा कागद

आठवड्यातले चार-पाच दिवस हातभर लांबही नसलेल्या कागदावर जलरंगात एक चित्र काढावे, असे कुणी सुचवले की मराठी रसिक लगेच सावळाराम हळदणकरांचे नाव पुढे करतात. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे १९४५-४६चे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कला असावी तर अशी, चिटोऱ्यावर रंग फासणे हा निवृत्तांचा विरंगुळा, असा हा पूर्वपक्ष. पण हळदणकरांचा जन्म १८८२चा. ते चित्र साठी ओलांडलेल्या हाताचे आहे. जलरंगात चूक झाकायला वरून जाड थर देता येत नाही. तो हात त्याआधी काही दशके याच माध्यमात राबला होता, हे रसिक सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नेमाने काढलेले चित्र यांत्रिक होते. होते खरे. तीच दोन नारळाची झाडे, तोच केशरी सूर्यास्त रोज गिरवणारे आपल्या ओळखीत असतातच! पण दोष नेमाचा नाही, डोळे मिटून काढण्याचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे एकच जागा धरून बसणे.

कुंभकोणमजवळची मेलकावेरीच घ्या. तिथे शासकीय ललित कला महाविद्यालय आहे आणि कावेरीचा काठ आहे. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. त्याआधी उन्हाळ्यात पात्रात बहुतेक वाळूच. पाणी पोचले की तोच काठ गढूळ तपकिरी होतो. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस आभाळ खाली आणतो. विषय आपणहून बदलतो, चित्रकाराने फक्त जागेवर असावे लागते.

आणि कागदही बदलतो. मे महिन्यात वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराची, एक कड ओढून ब्रश परत आणेपर्यंत ती वाळून रेघ उमटते. नोव्हेंबरात तोच कागद ओला तो ओलाच. घाई केली की दुसरा रंग पहिल्यात घुसून डाग फुटतो. ब्रशमध्ये किती पाणी, दुसरा हात केव्हा द्यायचा, हे कोणत्याही पुस्तकाला सांगता येणार नाही, कारण ते त्या दिवसाच्या हवेवर ठरते. कागद तिरपा धरून त्याची चमक कधी मरते ते पाहावे लागते. ही जाण साठवून ठेवता येत नाही, महिनाभर खंड पडला की बोथटते. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे. बावीस बाय तीस इंची कागदाचे सोळा तुकडे करा, साडेपाच बाय साडेसातचा एक तुकडा एका बैठकीत पहिल्या वॉशपासून शेवटच्या गडद फटकाऱ्यापर्यंत पुरा होतो. बिघडला तर बिघडला. पूर्ण कागद समोर असला की हात आखडतो.

लहान चित्र क्षुल्लक असते, हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. मेलकावेरीपासून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. तिथले मराठा राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि त्यांत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. ती काढणाऱ्याने प्रेरणेची वाट पाहिली असती तर रुग्ण घरी निघून गेला असता.

आता समर्थकांविषयी. जलरंगाने मनःशांती मिळते म्हणे. मला तरी आकाश वाहून झाडात शिरले की चिडचिडच होते. शांतीच हवी तर झोप काढावी. तसेच एकही दिवस न चुकवल्याची फुशारकी. ताप आला तर ब्रश बाजूला राहू द्यावा.

उरला गृहिणींचा आक्षेप, म्हणजे खरे तर घरातल्या सर्वांचाच: या कागदांच्या थप्प्या ठेवायच्या कुठे? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपले आश्रयदाते शाहू महाराज गेल्यावर आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडली, असे सांगतात. इतके टोक गाठायला नको. महिनाअखेर थप्पी उपसावी, दोन-तीन ठेवावीत. बाकीच्यांची मागची बाजू कोरी असते, आणि कागद बऱ्यापैकी जाड असेल तर ती बाजूही रंग घेते.