गाडी पाठमोरी लावा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गेल्या महिन्यात एक ठराव बहुमताने मंजूर झाला. सर्व चारचाकी गाड्या भिंतीकडे तोंड करून लावाव्यात, रिव्हर्स लावू नयेत. मी विरोधात हात वर केला. बोलायला दोन मिनिटे मिळाली, आणि दोन मिनिटांत हे सांगून होत नाही. म्हणून लिहितो आहे. ठराव चुकीचा आहे, आणि ज्या आवारात पोरे खेळतात तिथे तो घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुळात गाडी लावायची आणि काढायची म्हटली की एकदा रिव्हर्स टाकावा लागणारच. तो टळत नाही. येताना टाकायचा की जाताना, एवढेच आपल्या हाती असते. येताना टाकला तर आपण मागे जातो ते नुकत्याच डोळ्यांनी पाहिलेल्या, तीन बाजूंनी बंद असलेल्या रिकाम्या जागेत. पुढे नेताना तिच्यासमोरूनच गेलेलो असतो. दगड, स्कूटर, झोपलेले कुत्रे, काय आहे ते दिसलेले असते. जाताना टाकला तर मागे जातो ते वाहत्या वाटेवर, जिथे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नसते. दोन्ही बाजूंना उंच गाड्या असतील तर आपली डिकी त्यांच्यापुढे हात-दोन हात बाहेर आल्याखेरीज वाटेवरचे माणूस आपल्याला दिसत नाही आणि आपण त्याला दिसत नाही. सगळा वाद माझ्या लेखी एवढ्यावर संपायला हवा होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी पावणेआठला ऑफिससाठी गाडी काढत होतो. गाडी तेव्हा मीही सरळच घुसवायचो. मान वळवून बघितले, तिन्ही आरसे बघितले, हाफ क्लचवर हळूहळू मागे आलो, आणि खट् असा आवाज झाला. शेजारच्या इमारतीतला सात वर्षांचा मुलगा सायकलवरून पॅसेजमधून येत होता. त्याने वेळेत उडी मारली, म्हणून सायकलचे मागचे चाक वाकण्यावर निभावले. तो रडला नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला. मी सगळे नियमाने केले होते आणि तरीही तो मला दिसला नव्हता. बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या गाडीआडून तो आला होता. त्या दिवसापासून मी गाडी पाठमोरी लावतो.

आता सभेतले मुद्दे. पहिला होता कॅमेऱ्याचा. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, बऱ्याच गाड्यांना कॅमेराही असतो, मग भीती कसली, असे एकाने विचारले. सेन्सर मागची भिंत ओळखतो, खांब ओळखतो. बाजूने धावत येणारे मूल त्याच्या टप्प्यात येते तेव्हा ते गाडीला जवळजवळ टेकलेले असते. आडव्या येणाऱ्या गोष्टींची आगाऊ सूचना देणारी रडारची सोय असते, पण ती महागड्या गाड्यांत. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर चिखलाचा एक थेंब बसला की पडद्यावर धुके दिसते. आणि कॅमेरा चांगला असेलच, तर तो येताना वापरा. रेषांच्या मध्ये, भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी नेमकी थांबवायला त्याच्यासारखी मदत नाही.

इथे माझ्या बाजूला अडचणीची ठरणारी एक गोष्ट मी लपवणार नाही. अमेरिकेत मागचा कॅमेरा 1 मे 2018 पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, तो ज्या कायद्यामुळे, त्याला कॅमेरॉन गुलब्रान्सेन या दोन वर्षांच्या मुलाचे नाव आहे. 2002 साली वडिलांच्याच गाडीखाली तो गेला, आणि वडील तेव्हा गाडी रिव्हर्समध्ये घराच्या आवारात आत घेत होते. म्हणजे रिव्हर्स आत घेतला की धोका संपतो, असे मी म्हणूच शकत नाही. मागे जाणारी गाडी कुठेही धोक्याचीच. माझे म्हणणे एवढेच की ती जिथे माणसे कमीत कमी आहेत आणि जी जागा आपण आत्ताच तपासली आहे, अशा ठिकाणी मागे जावी. आणि शंका आली तर उतरून बघावे. उतरायला दहा सेकंद लागतात.

दुसरा मुद्दा एसटीचा निघाला, आणि तो मला आवडला, कारण तो आपल्या मातीतला आहे. स्टँडवर एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि निघताना रिव्हर्स घेते. इतकी वर्षे लालपरीचे चालले, तुमचे का चालू नये? पण तिथे काय घडते ते आठवा. गाडीची पाटी पुढे असते, फलाटावरच्या प्रवाशांना ती दिसायला हवी, म्हणून तोंड फलाटाकडे. आणि त्या सोयीची किंमत कंडक्टर मोजतो. तो मागे जाऊन उभा राहतो, लोकांना बाजूला करतो, शिट्टी वाजवत गाडी मागे घेववतो. ड्रायव्हरला मागचे दिसत नाही हे गृहीत धरूनच तिथली सगळी रीत बसली आहे. रोज सकाळी पावणेआठला आपल्या गाडीमागे शिट्टी घेऊन कोण उभे राहणार?

तिसरी तक्रार वेळेची. रिव्हर्स लावायला वेळ लागतो, मागे रांग लागते, हॉर्न सुरू होतात. वेळ लागतो हे खरे. पण सरळ लावणारा तो वेळ सकाळी देतो, तेवढाच किंवा जास्त. फरक असा, की संध्याकाळी मागे थांबलेल्याला तुम्ही पूर्ण दिसता, तुमचा इंडिकेटर दिसतो, तो थांबतो. सकाळी शेजारच्या गाडीआडून अचानक तुमची डिकी बाहेर येते तेव्हा वाटेवरच्याला थांबायला अवधीच नसतो.

शिवाय आमच्या पार्किंगसारख्या अरुंद जागेत रिव्हर्सच सोपा पडतो, हे बहुतेकांना पटत नाही. गाडीची पुढची चाके वळतात, मागची वळत नाहीत. ती पुढच्यांच्या आतून जातात. स्विफ्टच्या दोन्ही आसांमधले अंतर 2.45 मीटर आणि वळणाची किमान त्रिज्या 4.8 मीटर. हिशेब केला तर फुल कट मारल्यावर मागची चाके पुढच्यांच्या वाटेपेक्षा दोन-तीन फूट आतून जातात. म्हणूनच सरळ घुसवताना तोंड आत जाते आणि गाडीची कूस शेजारच्या खांबाला घासते. आमच्या खांबांवरचे लाल-पांढरे-करडे ओरखडे बघा, बहुतेक याच तऱ्हेचे आहेत. रिव्हर्समध्ये न वळणारी चाके आधी जागेत बसतात आणि वळणारी चाके मोकळ्या पॅसेजमध्ये राहतात, तोंड हवे तसे फिरवून घेता येते. गोदामातली फोर्कलिफ्ट बोळात गर्रकन फिरते, कारण तिची मागची चाके वळतात. रिव्हर्समधली आपली गाडी तेच करत असते.

सभेतला धुराचा मुद्दा मात्र खरा आहे. गाड्या पाठमोऱ्या लावल्या की बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीपासून सहा जागांच्या एका रांगेचे सायलेन्सर चार फुटांवर येतात. त्यांनी सभेत दम्याचा पंप दाखवला तेव्हा मी गप्प बसलो. जपानमध्ये बहुतेक सगळे गाड्या पाठमोऱ्याच लावतात, पण घरांना किंवा झाडांना लागून असलेल्या पार्किंगमध्ये ‘तोंड आत करून लावा’ अशा पाट्याही तिथे असतात. बी विंगच्या त्या सहा जागांना तशी पाटी जरूर लावू. पण सहा जागांसाठी चौऱ्याऐंशी गाड्यांचा नियम उलटा करणे हा न्याय नव्हे. बाजारहाट करून ट्रॉली डिकीपर्यंत न्यायची असेल तेव्हाही सरळ लावलेली बरी, आणि रस्त्यावर तिरक्या रेषा आखल्या असतील तिथे रेषांचे ऐकावे.

ब्रिटनच्या हायवे कोडमधला 201 वा नियम सांगतो की घराच्या वाटेवर जमेल तर गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या आणि सरळ बाहेर काढा. सभेत एकाने त्यावर बोट ठेवले: डिसेंबर 2017 पासून तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत सरळ आत जाऊन रिव्हर्स बाहेर येणेही विचारतात. विचारतात, कारण सुपरमार्केटपाशी लोक तसे करतातच आणि ते सांभाळून करता यायला हवे. हायवे कोडमधले ते वाक्य मात्र तसेच राहिले.

खरे कारण कुणी बोलले नाही, ते मला नंतर लिफ्टपाशी कळले. ‘दादा, मला रिव्हर्सचीच भीती वाटते. सगळे बघत असतात,’ नव्याने गाडी शिकलेली शेजारीण म्हणाली. यात तिचा दोष नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो, वीस दिवस रस्त्यावर पुढे पुढे नेतात, आणि रिव्हर्स परीक्षेपुरता होतो. मग घरी आल्यावर चार माणसे चार दिशांनी ‘येऊ द्या, येऊ द्या, राइट मारा, अहो राइट’ ओरडतात आणि माणूस जन्मभर सरळ घुसवू लागतो. रिव्हर्स येत नाही म्हणून तो सकाळवर ढकलायचा, म्हणजे ज्याला तो कमी जमतो त्याने तो सगळ्यात अवघड जागी करायचा.

मी कमिटीला पत्र दिले आहे. ठराव रद्द करावा, बी विंगच्या सहा जागा वगळून गाड्या पाठमोऱ्या लावाव्यात, इंजिन लगेच बंद करावे. सोबत असेही कळवले आहे की येत्या रविवारपासून सकाळी सात ते आठ मी क्लबहाऊसमागच्या मोकळ्या जागेत थांबेन. रेषांच्या जागी चार बादल्या ठेवू. बादली पडली तर पडू दे. बघणारे कुणी नसेल, आणि ‘येऊ द्या’ कुणी म्हणणार नाही. शेजारणीने पहिले नाव दिले आहे.