पालघर जिल्ह्यात आदिवासी किती? उत्तर फिल्टरवर ठरतं!

1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आता 2027 ची जनगणना येतेय, तीही मोबाइलवर. नवे आकडे आले की व्हॉट्सॲपवर टक्केवारीचे ग्राफिक्स फिरणारच. त्याआधी एक फॉर्म्युला समजून घेऊया.

मी 2011 च्या जनगणनेतले आजच्या आठ तालुक्यांचे आकडे पॉवर बीआयमध्ये टाकले. लोकसंख्या 29,90,116, त्यात अनुसूचित जमाती 11,18,008. म्हणजे 37.4 टक्के. पण एकट्या वसई तालुक्यात 13,43,402 माणसं, आणि त्यात आदिवासी फक्त 98,298. मग वसई बाजूला ठेवली तर?

आधी ‘टक्का’ नावाचं मेजर बनवायचं: आदिवासींची बेरीज भागिले लोकसंख्येची बेरीज. मग (फंक्शनचं नाव टाइप करताना रोमन अक्षरांत):

कॅल्क्युलेट([टक्का], 'गणना'[तालुका] <> "वसई")

उत्तर येतं 61.9 टक्के!

इथे दोन ठिकाणी गडबड होते.

1. फिल्टर फक्त वरच्या बेरजेला लावणं. मग वसईतले आदिवासी वगळले जातात, पण वसईची लोकसंख्या खाली तशीच राहते. उत्तर 34.1 टक्के. एरर येत नाही, म्हणून चूक दिसतही नाही.

2. स्लायसरवर ‘डहाणू’ निवडला तरी 61.9 च दिसणं. कारण कॅल्क्युलेटमधला फिल्टर त्याच कॉलमवरचा आधीचा फिल्टर पुसून टाकतो. अट ‘कीपफिल्टर्स’मध्ये गुंडाळली की डहाणूचे खरे 69.1 टक्के दिसतात.

फक्त फोन आहे? गूगल शीट्समध्ये ‘समइफ्स’ वापरा. अट "<>वसई", पण वर आणि खाली दोन्हीकडे.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. बोईसर-तारापूर ज्यात येतं त्या पालघर तालुक्यात आदिवासी 30.6 टक्के, जव्हार, मोखाडा, तलासरी, विक्रमगडमध्ये प्रत्येकी 90 च्या वर. कुणी 37.4 पुढे करून ‘जिल्हा काही फार आदिवासी नाही’ म्हणाला, तर आकडा खरा असूनही मोखाडा त्यातून गायब होतो. आश्रमशाळा, दवाखाने, रस्ते कुठे हवेत, याची चर्चा अशाच आकड्यांवर होते.

म्हणून पुढचा ग्राफिक फॉरवर्ड करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: यात कोण वगळलंय? आणि भागाकारात खाली कोण आहे?