चार दिवसांनी काय बिघडते?

"चार दिवस इंटरनेट बंद राहिले, तर असे काय मोठे बिघडते?" हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींत वारंवार कानी पडते. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील मराठी घरांत ते सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. ते उच्चारणारे लोक दुष्ट नाहीत. ते शांतताप्रिय आहेत, सुशिक्षित आहेत आणि बहुतेक नोकरदार आहेत. म्हणूनच त्या वाक्याचा समाचार घेणे अवश्य आहे. दुष्टाचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही. सज्जनाचे म्हणणे मात्र पाहता पाहता लोकमत होऊन बसते.

आरंभीच एक खुलासा करतो. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकून आहे. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास आमचे सेवानियम मज्जाव करतात, आणि तसा माझा हेतूही नाही. कोणत्या प्रसंगी कोणता हुकूम काढावा, हे ज्यांचे काम त्यांनी ठरवावे. माझे भांडण हुकुमाशी नाही. त्या हुकुमाला दिवाणखान्यात बसून दिल्या जाणाऱ्या बिनशर्त होकाराशी आहे.

हावडा जिल्ह्याने हा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. डिसेंबर २०१९मध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागल्यावर येथील इंटरनेट काही दिवस बंद होते. १० जून २०२२ रोजी डोमजूर, पांचला, उलुबेरिया या भागांत दंगा उसळला, तेव्हा ते १३ जूनपर्यंत बंद झाले. ३१ मार्च २०२३ला शिबपूरच्या प्रकारानंतर शहराच्या काही भागांत पुन्हा तेच घडले. दार्जिलिंगने तर २०१७ साली सुमारे शंभर दिवस अशा अवस्थेत काढले. आणि महाराष्ट्रातील आपले आप्त यापासून दूर आहेत असे कोणी समजू नये. जून २०२३मध्ये कोल्हापूर आणि नोव्हेंबर २०२३मध्ये जालना यांनीही हा प्रसंग पाहिला आहे.

आता "काय बिघडते?" या प्रश्नाकडे वळू. २०२२ साली जेथे दंगा झाला, ती गावे कशावर जगतात हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? डोमजूर सोनारकामाचे गाव आहे; तेथील कारागीर मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत पोटासाठी गेलेले आहेत. पांचल्यात घरोघर जरीकाम चालते. उलुबेरियाकडे बॅडमिंटनची फुले तयार होतात. शहरात यावे, तर बेलिलियस रोडवरील लोखंडकामाचे लहान कारखाने आणि मैदानाजवळचा कपड्यांचा मंगलाहाट आहे. या साऱ्या व्यापाराची चोपडी, तिजोरी आणि पोस्ट ही तिन्ही आज कारागिराच्या खिशातील एका मोबाइलमध्ये एकवटली आहेत. मागणी त्यावर येते, नमुन्याचे चित्र त्यावर जाते, आणि पैसे यूपीआयने त्यावरच मिळतात. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा, तर ई-वे बिल त्याच मार्गाने काढावे लागते. विक्रीचे मासिक जीएसटी विवरण ११ तारखेपर्यंत भरायचे असते. २०२२ सालच्या त्या जून महिन्यातील ११ तारीख नेमकी या बंद दिवसांत आली होती.

घराकडे आठवड्याचे पैसे पाठवणाऱ्या कारागिराचे काय होत असेल, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. विटा-आटपाडीकडचे आपले गलाई व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत, आणि त्यांच्या गावाकडच्या चुलीही याच तारेवर पेटतात.

उलट माझे पाहा. माझा पगार महिनाअखेर खात्यात जमा होतो. चार दिवस इंटरनेट गेले, म्हणून त्यातील एक पैसाही कापला जात नाही. "काय बिघडते?" हा प्रश्न मुळात मासिक वेतनाचा प्रश्न आहे. ज्याची भाकरी रोजच्या रोज भाजली जाते, त्याच्या तोंडून तो कधी ऐकू येणार नाही. आपले काही बिघडत नाही, यावरून कोणाचेच काही बिघडत नाही असे ठरवणे, याला शांतताप्रियता म्हणत नाहीत.

यावर तीन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे, की फोन आणि एसएमएस तर चालूच असतात, वृत्तपत्रेही निघतात. मग दळणवळण थांबले कोठे? मसुदे लिहिण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला यातील 'मग' हा शब्द खटकतो. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, पण तो ज्या पानावर भरायचा ते पान उघडत नाही. किल्ली हाती दिली आणि कुलूपच नेले, तर दार उघडे आहे असे म्हणावयाचे काय? साध्या फोनवरून *९९# या मार्गे पैसे पाठवण्याची सोय आहे, हे खरे. परंतु तिची मर्यादा पाच हजार रुपयांची. तेवढ्यात सोनाराचा किंवा लोखंडवाल्याचा व्यवहार कसा बसावा?

दुसरे उत्तर असे, की पूर्वी इंटरनेट नव्हते, तरी जग चाललेच होते. चालले होते, कारण तेव्हा दुसरी साधने होती. कलकत्त्याहून डायमंड हार्बरला १८५१ साली जी तार सुरू झाली, तिची सेवा जुलै २०१३मध्ये कायमची थांबली. हावड्याचा जुना तरता पूल जहाजांना वाट देण्यासाठी मधून उघडत असत, आणि तेवढा वेळ रहदारी खोळंबे. पण त्या वेळी होड्या होत्या, आणि जहाज गेले की पूल पुन्हा जोडला जाई. आज आपण होड्या मोडून टाकल्या आहेत. पूल बंद करताना त्या होड्यांची आठवण काढून लोकांचे समाधान होणार नाही.

तिसरे उत्तर मात्र गंभीर आहे. अफवा मोबाइलवरून वणव्यासारख्या पसरतात आणि माणसे मरतात. हे मी नाकारीत नाही. एका जिवापुढे चार दिवसांचा व्यापार तुच्छ आहे. पण बंदीने अफवा थांबते, हे सिद्ध कोणी केले? १८५७च्या जानेवारीत दमदमच्या काडतुसांची वार्ता छावणीछावणीत पोहोचली, ती कोणत्या तारेवरून नव्हे. २०२२ साली इंटरनेट बंद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, ११ जूनला, पांचल्यात पुन्हा हिंसाचार झाला. एवढ्यावरून बंदी निरुपयोगी ठरते असे नाही, पण ती रामबाण आहे हा समज तरी सुटावा. शिवाय अफवेचा उतारा म्हणजे खरी बातमी, आणि बंदीत तीही त्याच दाराशी अडते. अफवा मात्र पायी चालत जाऊ शकते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेटद्वारे होणारे विचारप्रकटन आणि व्यापार यांना घटनेचे संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू नये, प्रसंगाच्या प्रमाणात असावी, आणि तिचे हुकूम प्रसिद्ध व्हावेत. त्या पीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. मार्च २०२२मध्ये बंगालच्या काही जिल्ह्यांत माध्यमिक परीक्षेच्या तासांपुरता बंदीचा हुकूम निघाला, त्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने १० मार्चला स्थगिती दिली. आणि डिसेंबर २०२१मध्ये संसदेच्या स्थायी समितीने जे नमूद केले, ते वाचून प्रत्येक कारकुनाने मान खाली घालावी: देशात अशा बंद्या किती झाल्या, याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे होती, ना गृहमंत्रालयाकडे.

टाचणीच्या डब्याचीही नोंदवही ठेवणाऱ्या देशात हे घडले. ज्या औषधाच्या मात्रा कोणी मोजल्या नाहीत, रोगी बरा झाला की नाही हे कोणी लिहून ठेवले नाही, त्या औषधाच्या गुणाविषयी आपण दिवाणखान्यात इतकी खात्री बाळगतो, ती कशाच्या आधारावर?

तेव्हा सुज्ञ वाचकांस विनंती एवढीच, की पुन्हा असा प्रसंग आला, तर होकार देण्यापूर्वी विचारावे: कोणत्या भागापुरते, किती तासांसाठी, कोणत्या कारणास्तव, आणि हुकूम कोठे वाचावयास मिळेल? हे विचारणे म्हणजे दंगेखोरांची बाजू घेणे नव्हे. उत्तरे समाधानकारक असली, तर खुशाल मान तुकवावी. पण "काय बिघडते?" हे तोंडून काढण्याआधी एकदा पांचल्याच्या एखाद्या जरीकामगारास विचारून यावे. तो हावडा स्थानकापासून फार दूर राहत नाही.