यंत्राचीही परीक्षा हवी

कापूस विकायला नेला की आपली नजर काट्यावर असते. काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का आहे का, माप कुणाकडे झुकते, हे आपला निरक्षर शेतमजूरही पाहतो. पण तोच माणूस दुखणे घेऊन महागावहून पुसदला किंवा यवतमाळला जातो, मोठ्या यंत्राखाली निमूट झोपतो, पैसे मोजतो आणि फिल्म पिशवीत घालून परत येतो. हा काटा तरी खरा आहे का, असे तिथे कुणी विचारत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या छातीचा एक्स-रे काढला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "यात नीट काही दिसत नाही, पुन्हा काढा." पुन्हा पैसे, पुन्हा एसटीचे तिकीट, दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि अंगावर पुन्हा क्ष-किरण. चूक माणसाची की यंत्राची, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. पण तेव्हापासून आम्ही विचारू लागलो, की यंत्राची परीक्षा घेतात तरी कशावर?

ती घेतात खोट्या शरीरावर. त्याला फँटम म्हणतात. शेतातले बुजगावणे पाखरांना माणूस वाटते, तसा हा फँटम किरणांना माणूस वाटतो. खऱ्या माणसावर परीक्षा का घेत नाहीत? एक तर विनाकारण किरण देणे बरे नव्हे. शिवाय माणसाच्या पोटात नेमके काय आहे, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. फँटममध्ये मात्र गाठ कुठे, केवढी, हे बनवणाऱ्यानेच ठरवलेले असते. उत्तर आधीच माहीत असते, म्हणून यंत्र खरे बोलते की खोटे ते कळते.

सीटी स्कॅनचा सर्वांत साधा फँटम म्हणजे पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा डबा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेले इंग्रज इंजिनिअर हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र घडवले. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. यंत्राने पाण्याला शून्याच्या जवळपास आकडा दिला नाही, तर यंत्रात दोष आहे. किरणांची मात्रा मोजायला अॅक्रिलिकचे गोल ठोकळे असतात. डोक्यासाठी १६ सेंटीमीटर व्यासाचा, धडासाठी ३२ चा.

स्तनांच्या तपासणीच्या फँटममध्ये बारीक धागे, कण आणि गाठी बसवलेल्या असतात. त्यांतल्या ठरलेल्या इतक्या तरी दिसल्याच पाहिजेत. सोनोग्राफीच्या फँटममध्ये मऊ गरासारख्या पदार्थात ठरावीक अंतरावर दोरे असतात. त्यात आवाज शरीरातल्यासारखाच, सेकंदाला सुमारे १५४० मीटर, धावतो. पाच सेंटीमीटरवरचा दोरा यंत्राने साडेपाचवर दाखवला, तर पोटातल्या बाळाचे मापही चुकणारच.

आपल्या देशात एक्स-रे आणि सीटीवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. अशा यंत्राला मंडळाची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि दर दोन वर्षांनी तरी गुणवत्ता चाचणी करावी लागते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, म्हणून ती या मंडळाकडे येत नाही. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी १९९४ च्या गर्भलिंग कायद्याखाली होते. तो कायदा मुलींचा जीव वाचवण्यासाठी आहे. चित्र स्वच्छ येते की नाही, हे पाहणे त्याचे काम नाही.

तेव्हा मायबहिणींनो, बंधूंनो, तपासणीला गेल्यावर हात जोडूनच, पण स्पष्ट विचारा : यंत्राची नोंदणी आहे का? शेवटची चाचणी कधी झाली? विचारणाऱ्याला कुणी शहाणा म्हणेल, म्हणू द्या. पोटुशी बाई असेल तर एक्स-रेच्या आधी तसे सांगा. जुनी फिल्म आणि रिपोर्ट फेकू नका, पुढच्या खेपेला सोबत न्या. आणि घरात शिकलेली पोर असेल, तर तिलाच बरोबर घ्या. कागदावरची तारीख ती वाचील.