सुरत : एक पूर्वग्रह

सुरतेस जाऊन पाहावयाचे ते काय, असा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ इतक्या निःशंकपणे विचारतात की, त्या नगरीचा निकाल इतिहासाने कायमचा लावून टाकला असावा असेच ऐकणाऱ्यास वाटावे. शिवछत्रपतींनी १६६४ च्या जानेवारीत व पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात ती लुटली, तेथेच तिचे वैभव संपले आणि उरलेसुरले नाव १९९४ च्या प्लेगाने घालविले, असा हा पूर्वपक्ष आहे.

तो मला मान्य नाही. मोगलांचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला व शहर उघडे पडले, त्या स्वारीने बादशाहीची अब्रू गेली, हे सर्व खरे. आणि आपणास तिचा वाटणारा अभिमानही रास्तच आहे. परंतु सहा वर्षांनी पुन्हा त्याच पेठेवर चालून जावे इतके धन तेथे साठले होते, एवढी एकच गोष्ट पहिल्या लुटीने शहर बुडाल्याचे मत खोडून काढण्यास पुरेशी आहे. बंदर खचले ते तापीच्या मुखाशी साचत गेलेल्या गाळाने, मोगल सत्तेच्या विघटनाने, आणि इंग्रजांनी १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविल्याने. लुटीच्या वेळी इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झिंडेन तेथील दफनभूमीत घुमटाखाली विसावला आहे; त्याचाच पुतण्या हेन्री पुढे रायगडी राज्याभिषेकास हजर होता. हा घुमट पाहण्याजोगा नाही, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये.

प्लेगाची गोष्ट खरी, आणि लाजिरवाणीही. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. पण पुढील वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांस रोज कचेरीतून उठवून गल्लीबोळांत नेले, आणि दोन वर्षांच्या आत त्या घाणेरड्या म्हणून गाजलेल्या शहराची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने त्यास प्रथम क्रमांक मिळाला.

शिवाय आपल्यातीलच एक मोठा समाज हा प्रश्न कधी विचारीत नाही. जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर गेलेल्या खानदेशी कुटुंबांना सुरत हे लुटीचे नव्हे, भाकरीचे गाव आहे.

म्हणून वाचकांनी एकवार तेथे जावे, आणि मुगलीसराईच्या दारात क्षणभर उभे राहावे. शाहजहानच्या कारकीर्दीत, १६४४ साली, मक्केस निघालेल्या यात्रेकरूंसाठी ती सराई बांधली गेली. सुरतेच्या महानगरपालिकेचे दफ्तर आज तिच्यातच आहे.