घरचा संगणक : आधी पाहा, मग पत्करा



नागापूरच्या एमआयडीसीत पाळी करणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी जुना संगणक घेतो. आता दुकानदार म्हणतो, "हा मोडीत काढा, नवा घ्या." कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबविले. विंडोज ११ तर साधारण २०१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. मग पतसंस्थेचे कर्ज काढायचे काय? जरा थांबा.

संगणक चालविणाऱ्या प्रणाली घरासाठी मुख्यत्वे तीन. विंडोज ओळखीची. एमएस-सीआयटीच्या वर्गात तीच शिकवितात, टॅली तिच्यासाठीच बनते, प्रिंटरही बहुधा लगेच चालतो. मात्र वर्ड-एक्सेलचे पैसे सहसा वेगळे. ॲपलची मॅक खोके उघडताच तयार, पण ती ॲपलच्याच महागड्या यंत्रावर मिळते. कामगाराच्या घराला ती परवडणारी नाही.

तिसरी लिनक्स. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा पाया घातला. तिचा 'लिनक्स मिंट' हा प्रकार मोफत आहे. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट यांची सोय त्यात आधीच असते. ४ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही तो चालतो. केरळच्या सरकारी शाळांतील मुले लिनक्सवरच शिकतात. मराठी कळफलक तिन्ही प्रणालींत जोडता येतो. लिनक्सच्या अडचणीही आहेत : काही प्रिंटर अडून बसतात आणि अडल्यावर सांगणारा शेजारी सहज सापडत नाही.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. लिनक्स तशी तपासता येते. ती पेनड्राइव्हवरून सुरू करा. संगणकातले काही पुसले जात नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन तासभर पाहा. पटले तर फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून मगच ती कायमची बसवा.

लेकीला एमएस-सीआयटी वा टॅली करायची असेल, तर विंडोजच हवी. शाळेचा अभ्यास, अर्ज, पत्रव्यवहार एवढेच असेल, तर लिनक्स पुरे. चोरीची विंडोज मात्र कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. तिच्यासोबत विषाणूही घरात येऊ शकतो.

विहारातल्या जाणत्या तरुणांनी असा एक पेनड्राइव्ह तयार करून रविवारच्या वंदनेनंतर चार घरांत दाखवावा. एखाद्या घराचे कर्ज वाचले, तर तेही दानच.