पंचगंगेचा पूर आणि हद्दीचे कारभारी

जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. सोळा वर्षांच्या अवधीत कोल्हापूर जिल्ह्याने तीन महापूर पाहिले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ मध्ये तेथे पाणी ५५ फुटांच्या वर चढले आणि दोनच वर्षांनी पुन्हा त्याच उंचीपलीकडे गेले. दोन्ही वेळा पुणे-बेंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला. मंत्र्यांचे दौरे झाले, पंचनामे झाले, मदतीची घोषणा झाली. पाणी ओसरल्यावर मात्र चिखलाबरोबर प्रश्नही धुऊन निघाला. ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे वाटतात. पाऊस निसर्गाचा खरा. परंतु तो पाऊस कोणाच्या घरात शिरावा आणि कोणाच्या घरात शिरू नये, हे बऱ्याच अंशी माणसांच्या निर्णयांनी ठरते.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती कोल्हापूर शहराला वळसा घालते, हातकणंगले तालुक्यातून इचलकरंजीजवळून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. सह्याद्रीच्या कड्यावरून सुटलेले पाणी शिरोळपर्यंत एकाच उतारावरून वाहते. या उतारावर सत्ता मात्र अनेकांची आहे. धरणांचे दरवाजे जलसंपदा खात्याच्या हाती. शहरातील बांधकाम परवानगी महानगरपालिकेच्या हाती. कोल्हापूरभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ साली निराळे प्राधिकरण नेमले गेले. अन्यत्र गावठाणात ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर महसूल खाते आणि महामार्गावर केंद्राचे प्राधिकरण. प्रत्येकाचा नकाशा आपल्या हद्दीच्या रेषेवर संपतो, आणि नदीचा संपूर्ण नकाशा हाती धरून उत्तर देण्यास बांधील असा लोकनियुक्त अधिकारी कोणीही नाही.

अशा व्यवस्थेत प्रत्येक हद्दीतील कारभाऱ्याला एकच शहाणपण सुचते : आपल्या हद्दीतील पाणी लवकरात लवकर शेजाऱ्याच्या हद्दीत लोटावे. शहरात ओढ्या-नाल्यांची पात्रे आवळून इमारती उभ्या राहतात, म्हणजे जमिनीत मुरणारे व पसरणारे पाणी थेट नदीत येते. पूर पसरण्याच्या सखल जमिनीवर भराव घालून भूखंड पाडले जातात, म्हणजे तेवढ्या पाण्याला दुसरी जागा शोधावी लागते. रस्त्यासाठी आडवा बांध घातला जातो आणि मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या जातात, म्हणजे वरच्या गावांत पाणी तुंबते. परवानगी देणाऱ्याच्या दप्तरात यांतील प्रत्येक काम लहान व निरुपद्रवी दिसते. त्यांची बेरीज कोणाच्याच दप्तरात होत नाही. ती शिरोळ तालुक्यात, चार नद्यांच्या पाण्यात होते.

नियम नाहीत असे नव्हे. १९८९ पासून राज्यात पूररेषांचे धोरण आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोहोंच्या मध्ये निर्बंध, असा त्याचा आशय. परंतु रेषा आखणारे खाते वेगळे आणि बांधकामास मंजुरी देणारी संस्था वेगळी. मंजुरीतून मिळणारा विकासनिधी व घरपट्टी मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत पडते, तर पुराचे नुकसान दुसऱ्या गावाच्या माथी येते. लाभ एका हद्दीत आणि हानी दुसऱ्या हद्दीत, हे गणित जोवर कायम आहे तोवर जमिनीच्या व्यापाऱ्यांपुढे कोणतीही रेषा पुसट होणारच.

या मूळ दोषाकडे पाठ फिरवून सारा रोष अलमट्टीवर काढण्याची रीत जिल्ह्यात रुजली आहे. कर्नाटकाच्या त्या धरणाची उंची वाढविण्याबाबतच्या शंका रास्त आहेत. त्यांचे निरसन दोन्ही राज्यांनी खुल्या आकडेवारीनिशी केलेच पाहिजे. तथापि २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला प्रमुख कारण मानले नाही. अतिवृष्टीबरोबरच तिने नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. त्याच पुरात राजापूरच्या खाली चिकोडी व अथणी तालुक्यांतील गावेही बुडाली. तेथील शेतमजूर शिरोळच्या शेतमजुराचा शत्रू नाही. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत वाटप करणारा बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ साली आला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. त्या हक्कासाठी सर्व पक्ष भांडले. पाण्याच्या वाट्याबरोबर पुराच्या भाराचाही वाटा उचलावा, असे मात्र कोणाच्या तोंडून निघाले नाही.

हा भार कोण वाहतो? ज्याच्यापाशी दोन मजली घर आहे तो सामान वर नेतो. ज्याचा ऊस बुडतो त्याचा निदान पंचनामा होतो. गावाच्या सखल कडेला ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ढकलून ठेवले आहे त्या दलित वस्त्या, भाड्याच्या खोलीतील यंत्रमाग कामगार, तोंडी कराराने जमीन कसणारा वाटेकरी आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही असा शेतमजूर यांचे नुकसान कागदावर उमटतच नाही. बुडालेल्या शेताचा मोबदला निघतो. त्या शेतावर न मिळालेल्या रोजगाराचा निघत नाही.

यावरचा मार्ग राज्यघटनेने दाखविलेला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या २४३ झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताचा विचार करावा, त्यात स्थल-नियोजन आणि पाण्यासह नैसर्गिक साधनांचे वाटप यांचा समावेश असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वार्षिक निधीची वाटणी करणारी सभा होऊन बसली. २०२१ चा महापूर आला तेव्हा कोल्हापूर महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. जेथे निवडून आलेली माणसेच नाहीत, तेथे शेजारच्या गावाशी बोलणार कोण?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. पंचगंगेच्या संपूर्ण पाणलोटासाठी, जिल्हा नियोजन समितीच्या अधिकारात, नदीकाठच्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपरिषदा व महानगरपालिका यांच्या निर्वाचित प्रतिनिधींची परिषद स्थापन व्हावी. पूररेषेतील बांधकामाला, भरावाला व आडव्या रस्त्यांना तिची संमती बंधनकारक असावी. धरणांतील विसर्गाचे वेळापत्रक तिच्यापुढे मांडले जावे. वरच्या भागातील विकासाच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा खालच्या गावांच्या संरक्षणासाठी आणि ज्यांची जमीन पुरासाठी मोकळी ठेवावी लागेल त्यांच्या मोबदल्यासाठी राखून ठेवावा. हद्दवाढीच्या वादात शहराविषयी गावांच्या मनात जो अविश्वास साठला आहे तो निराधार नाही. म्हणूनच या परिषदेत लोकसंख्येच्या बळावर शहराने गावांना दडपता कामा नये. नेदरलँड्समध्ये पाण्याच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र निर्वाचित मंडळे शतकानुशतके चालत आली आहेत. उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था चालविणाऱ्या आणि बंधाऱ्यांतील बरग्यांचे वेळापत्रक पाळणाऱ्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. टंचाईचे पाणी जे वाटून घेतात, ते पुराचे पाणीही वाटून घेऊ शकतात.

सरकार हे आपणहून करणार नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांची निविदा त्याला अधिक जवळची वाटते. कार्यकर्त्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी गावोगावच्या ग्रामसभांत परिषदेच्या मागणीचे ठराव करून घ्यावेत, निळ्या-लाल रेषांचे नकाशे मागवून चावडीवर लावावेत, गेल्या दोन पुरांच्या पातळ्या भिंतींवर रंगवाव्यात आणि भूमिहीन पूरग्रस्तांची यादी स्वतः तयार करावी. शहरातील कार्यकर्त्यांनी शिरोळच्या सभेस जावे आणि शिरोळच्या कार्यकर्त्यांनी शहरातल्या. कारभाऱ्यांनी हद्दी आखून वेगळी केलेली माणसे अशा बैठकांतूनच एकत्र येतील, आणि नदीच्या वतीने जाब विचारणारी शक्ती तेथेच उभी राहील.